वसंतातील बाग : वाचकांचे प्रश्न, सदरकारांची उत्तरे

हिवाळा सरत आला की या सदराकडे येणारी पत्रे एकदम वाढतात, आणि त्यांतील बहुतेकांना एकच गोष्ट हवी असते : अमुक काम नेमके कोणत्या तारखेला करावे. दिवस किती मोठा झाला, माती किती ऊबदार झाली, फांदीवरचे डोळे फुगले की अजून मिटलेलेच आहेत, यावर झाडाचा सगळा हिशेब चालतो. आणि या गोष्टी दर वर्षी, दर गच्चीवर, इतकेच काय एकाच बागेच्या दोन कोपऱ्यांतही सारख्या नसतात. म्हणून पुढील उत्तरांत तारखा जवळजवळ नाहीत. त्यांऐवजी कोणत्या खुणा पाहाव्यात ते सांगितले आहे.

प्रश्न : थंडी ओसरल्यावर मी एकाच दिवशी वाटाणा, टोमॅटो, मिरची आणि काकडी यांचे बी वाफ्यात लावले. वाटाणा दोन आठवड्यांत वर आला. टोमॅटोची एक-दोनच रोपे दिसली, तीही महिना उलटल्यावर. मिरची आणि काकडी यांचा तर पत्ताच नाही. बियाणे जुने निघाले असावे का?

उत्तर : बियाण्याला दोष देण्यापूर्वी मातीचा विचार करावा. हवा ऊबदार वाटू लागली तरी माती तिच्या मागून, सावकाश तापते, आणि बी रुजते ते मातीच्या तापमानावर. वाटाणा, पालक, मुळा यांचे बी माती ५ अंश सेल्सियसच्या आसपास असली तरी रुजायला सुरुवात करते. टोमॅटोचे बी १० अंशांना महिन्याहून अधिक काळ घेते, १५ अंशांना सुमारे दोन आठवडे आणि २५ अंशांना जेमतेम एक आठवडा. मिरचीला १५ अंशांना तीन-साडेतीन आठवडे लागतात आणि २५ अंशांना आठ-दहा दिवस. काकडीचे बी १० अंशांना मुळीच रुजत नाही; ते ओल्या मातीत पडून कुजते. तुमच्या वाटाण्याला दोन आठवडे लागले, यावरून वाफ्याची माती तेव्हा १० ते १२ अंशांच्या घरात असावी, आणि मग बाकीच्या पिकांचे जे झाले ते अपेक्षितच होते.

खात्री करून घ्यायची असल्यास काकडीचे एक बी उकरून बोटांच्या चिमटीत दाबावे. टणक लागले तर अजून आशा आहे. पिचकून आतून पांढरट लगदा बाहेर आला तर ते संपले. नवे बी लावताना साधा तापमापक ५ सेंटिमीटर खोल खोचून सकाळी नोंद घ्यावी, कारण दुपारी वरचा थर तापलेला असतो आणि तो आकडा फसवतो. सलग चार-पाच सकाळी १८ अंशांच्या वर नोंद आली की काकडी आणि दोडक्याच्या कुळातील सर्व वेल खुशाल लावावेत. मिरचीचे बी तोवर घरातील उबदार जागी ट्रेमध्ये रुजवावे. रुजताना त्याला उजेड लागत नाही, मात्र पहिला कोंब मातीबाहेर दिसताच त्याच दिवशी ट्रे भरपूर उजेडात हलवला पाहिजे. बी किती खोल लावावे, हेही अनेक जण विचारतात : बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट, त्याहून अधिक नाही. लेट्यूस आणि पेटुनिया यांच्या बारीक बियांना रुजण्यासाठी उजेड हवा असतो, त्यामुळे त्या मातीवर पसरून नुसत्या हलक्या हाताने दाबाव्यात.

प्रश्न : ट्रेमधील रोपे चांगली उगवली होती. एका रात्रीत त्यांतील निम्मी मातीलगत आडवी झाली. वरची पाने हिरवीच होती. पाणी कमी पडले असे समजून मी आणखी पाणी घातले, तर दुसऱ्या दिवशी उरलेलीही गेली.

उत्तर : हा ‘रोपे कोलमडणे’ नावाचा रोग आहे. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारखे मातीतील रोगकारक जीव कोवळ्या खोडावर मातीलगत हल्ला करतात. पडलेले रोप उचलून पाहिले तर तेवढाच भाग दोऱ्याने आवळल्यासारखा बारीक आणि पाणचट तपकिरी झालेला दिसतो. या जिवांना ओल, गारवा आणि कोंदट हवा या तिन्ही गोष्टी मानवतात, म्हणून जादा पाण्याने रोग वाढला. पडलेली रोपे वाचत नाहीत. पुढील वेळी ट्रे धुऊन घ्यावेत, बागेतील माती न वापरता रोपांसाठीचे ताजे मिश्रण घ्यावे, बी दाट पेरू नये, बी उगवताच वरचे प्लास्टिकचे झाकण काढावे आणि पाणी ट्रेच्या खालून द्यावे, म्हणजे वरचा थर मधूनमधून सुकतो. याच काळात रोपे लांबलचक आणि फिकट होत असतील, तर ती उजेडाच्या शोधात आहेत. अशा रोपांना खत घातल्याने ती आणखी लांबतात, सुधारत नाहीत.

प्रश्न : वसंतात कुंड्या बदलाव्यात असे सगळेच सांगतात. माझ्याकडे चाळीसेक कुंड्या आहेत. सर्वच बदलायच्या का? आणि निचऱ्यासाठी तळाशी खडी किती घालावी?

उत्तर : सर्व कुंड्या दर वर्षी बदलण्याची काहीही गरज नाही, आणि तसे करण्याचा उत्साह बहुधा तिसऱ्या दिवशी पाठदुखीत मावळतो. कोणत्या झाडाला नवी कुंडी हवी ते झाडच दाखवते. पाणी घातल्यावर ते मातीत न मुरता सरळ तळातून वाहून जाते. सकाळी पाणी देऊनही दुपारी पाने मरगळतात. तळाच्या भोकांतून मुळ्या बाहेर डोकावतात. यांपैकी दोन खुणा दिसल्या तर कुंडी आडवी करून झाड अलगद ओढून पाहावे. बाहेर आलेल्या गोळ्यावर मुळ्यांचे वेटोळे माती झाकून टाकण्याइतके दाट असेल तर कुंडी बदलावी. मातीच अधिक दिसत असेल, तर झाड परत तसेच ठेवून वरची ३-४ सेंटिमीटर जुनी माती खरवडून काढावी आणि तेथे चांगले कुजलेले कंपोस्ट भरावे. वर्षभरासाठी तेवढे पुरते.

बदलायचीच असेल तर योग्य वेळ म्हणजे डोळे फुगू लागलेले आहेत, पण पालवी अजून उलगडलेली नाही, असे काही दिवस. त्या वेळी मुळ्यांची वाढ जोमात सुरू होत असते आणि तुटलेल्या मुळ्यांची भरपाई लवकर होते. वसंतातच बहरणारी झाडे याला अपवाद आहेत. त्यांची फुले सरेपर्यंत थांबावे. नवी कुंडी व्यासाने जुन्या कुंडीपेक्षा ३ ते ५ सेंटिमीटरच मोठी घ्यावी. एकदम मोठी कुंडी घेतली, की मुळ्या जिथे अजून पोहोचलेल्याच नाहीत ती माती आठवडेच्या आठवडे ओली राहते आणि झाड मुळांपासून सडते. गोल फिरलेल्या मुळ्या बोटांनी सैल कराव्यात; फारच घट्ट असतील तर गोळ्याच्या बाजूंना तीन-चार ठिकाणी धारदार सुरीने उभे छेद द्यावेत. ज्यांना हे निर्दयपणाचे वाटते त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की वेटोळे तसेच राहिले तर मुळ्या नव्या मातीत न शिरता वर्षानुवर्षे गोलच फिरत राहतात.

आता खडीविषयी. कुंडीच्या तळाशी खडी, विटांचे तुकडे किंवा खापऱ्या यांचा जाड थर घातल्याने निचरा सुधारत नाही, उलट बिघडतो. बारीक कणांची माती पाणी आपल्या सूक्ष्म पोकळ्यांत केशाकर्षणाने धरून ठेवते, आणि खाली मोठ्या पोकळ्यांचा थर आला की हे पाणी त्यात सहजासहजी उतरत नाही. माती पूर्ण संपृक्त होईपर्यंत ते वरच अडून राहते. खडी नसती तर हा पाणथळ पट्टा कुंडीच्या अगदी तळाशी असता. खडीमुळे तो तेवढाच वर, थेट मुळ्यांच्या गर्दीत सरकतो. भोकातून माती वाहून जाऊ नये म्हणून एखादी खापरी किंवा जाळीचा तुकडा ठेवावा, बाकी कुंडी मातीनेच भरावी. निचरा हवा असेल तर तो मिश्रणातच आणावा लागतो : जाड वाळू, परलाइट (कुंडीच्या मिश्रणात घालतात ते हलके पांढरे खडे) किंवा भाताचे तूस संपूर्ण मातीत मिसळून.

कुंडी बदलल्यावर भरपूर पाणी द्यावे, आठ-दहा दिवस झाड सावलीत ठेवावे आणि पहिले तीन-चार आठवडे खत अजिबात देऊ नये.

प्रश्न : माझे हायड्रेंजियाचे झुडूप चार वर्षांचे आहे. मी दर वसंतात त्याची नियमाने, गुलाबासारखीच कडक छाटणी करते. पाने सुरेख येतात, फूल मात्र एकही नाही. गुलाब त्याच छाटणीने भरभरून फुलतो. हायड्रेंजियाला कोणते खत कमी पडत असावे?

उत्तर : खत नव्हे, फुले छाटणीतच जात आहेत. मोठ्या गोल गुच्छांच्या सर्वसाधारण हायड्रेंजियाच्या पुढील वर्षीच्या फुलकळ्या आदल्या उन्हाळ्याच्या अखेरीसच फांद्यांच्या टोकांशी तयार होतात आणि हिवाळाभर तिथे निद्रिस्त राहतात. वसंतात तुम्ही त्या फांद्या अर्ध्यावर आणता तेव्हा कळ्याच कापून टाकता. या वर्षी फक्त वाळलेले जुने गुच्छ, त्यांच्या खालच्या पहिल्या जाड डोळ्यांच्या जोडीपर्यंत काढावेत आणि पूर्ण वाळलेल्या काड्या बुडातून काढाव्यात. फांदी जिवंत आहे की नाही अशी शंका आली तर नखाने साल किंचित खरवडावी. खाली ओलसर हिरवा थर दिसला तर ती जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडे दिसले तर आणखी खाली खरवडत जावे आणि हिरवे लागेल तिथे थांबावे.

छाटणीबाबत बऱ्याच झाडांना लागू पडणारी एकच विभागणी लक्षात ठेवली तरी बहुतेक नुकसान टळते. वसंताच्या अगदी सुरुवातीला, पाने येण्याआधी किंवा येताना जी झाडे फुलतात, त्यांच्या कळ्या जुन्या फांदीवर असतात. त्यांना बहर संपल्या संपल्या छाटावे. जी झाडे नंतर, नव्या फुटीवर फुलतात, त्यांना वसंताची वाढ सुरू होण्याच्या थोडे आधी छाटावे : मोगरा, जास्वंद, बोगनवेल आणि वारंवार फुलणारे गुलाब या गटात येतात. वर्षातून एकदाच फुलणारे वेली गुलाब मात्र पहिल्या गटातले.

गुलाब छाटताना आधी मेलेल्या, रोगट आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढाव्यात. कित्येकदा एवढ्यानेच निम्मे काम होते. मग उरलेल्या फांद्या बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या सुमारे ५ मिलिमीटर वर, डोळ्याच्या उलट दिशेने उतार देऊन कापाव्यात. डोळ्याला अगदी खेटून कापले तर डोळाच सुकतो, आणि फार वर कापले तर वरचा खुंटा वाळून कूज खाली उतरते. कलमी गुलाबाच्या जोडाखालून, म्हणजे खुंटापासून आलेली फूट कात्रीने न कापता माती बाजूला करून उगमापाशी ओढून काढावी. कापल्यास तिथूनच दोन-तीन नव्या फुटी निघतात. दोन झाडांच्या मध्ये सिकेटरची, म्हणजे छाटणीच्या कात्रीची, पाती ७० टक्के अल्कोहोलने पुसून घ्यावीत.

कापलेल्या जागी रंग किंवा डांबर लावावे का, असेही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारले आहे. लावू नये. अमेरिकी वनसेवेतील संशोधक ॲलेक्स शिगो यांनी असंख्य झाडे चिरून, त्यांतील जुन्या जखमांचा अभ्यास केला आणि १९७० च्या दशकात असे दाखवून दिले, की झाड जखम भरून काढत नाही, तर तिच्याभोवती आतून भिंती उभ्या करून तिला वेगळे पाडते. वरून लावलेला रंग या कामात मदत करत नाही. पुष्कळदा तो खाली ओलच कोंडून ठेवतो. स्वच्छ, धारदार काप पुरेसा आहे.

प्रश्न : गुलाबाच्या आणि जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यांवर दर वसंतात हिरवा-काळा मावा येतो. खालची पाने चिकट होतात, मग काळी पडतात, आणि मुंग्यांची रांग लागते. आधी मुंग्या मारू की मावा?

उत्तर : मावा, पण आधी शेंडा भिंगातून किंवा निदान डोळ्यांजवळ धरून नीट पाहा. या दिवसांत माव्याच्या माद्या नराशिवाय, अंडी न घालता थेट पिल्ले देतात आणि ही पिल्ले आठ-दहा दिवसांत स्वतः पिल्ले देऊ लागतात, म्हणून रविवारी दोन-चार दिसलेले किडे पुढच्या रविवारी शेंडा झाकून टाकतात. ते रस शोषतात आणि त्यातील जास्तीची साखर चिकट थेंबांच्या रूपाने खाली सोडतात. पानांवरचा चिकटा तो हाच. त्याच्यावर वाढणारी काळी बुरशी म्हणजे काजळी, आणि त्याच्यासाठीच मुंग्या येतात. मुंग्या माव्याला खाणाऱ्या किड्यांना हुसकावून लावतात, हे खरे. मात्र मावा गेला की त्याही जातात.

जवळून पाहताना त्या गर्दीत तीन वेगळ्या गोष्टी दिसण्याची शक्यता आहे. पांढरे, हलके, फुंकरीने उडणारे कण म्हणजे माव्याने टाकलेल्या काती. फुगलेला, न हलणारा, कागदासारखा तपकिरी मावा दिसला तर त्याच्या पोटात एका सूक्ष्म गांधीलमाशीची अळी वाढते आहे, किंवा पाठीला गोल भोक असल्यास वाढून निघूनही गेली आहे. आणि काळसर करड्या रंगाची, नारिंगी ठिपक्यांची, सहा पायांची, चिमुकल्या मगरीसारखी दिसणारी अळी ही ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्डची आहे. ती वाढीच्या काळात शेकडो मावा खाते. तिला कीड समजून मारणारे बागप्रेमी फार आहेत. शेवटच्या दोन गोष्टी दिसल्या तर आठवडाभर काहीही फवारू नये, कारण फवारणीने मावा थोडा मरतो आणि त्याचे शत्रू मात्र पुरते मरतात.

तसे काही दिसले नाही तर पहिला उपाय साध्या पाण्याचा : शेंड्याखाली हात धरून सकाळी नळीने जोराचा फवारा मारावा. खाली पडलेला मावा सहसा परत वर चढू शकत नाही. दोन-तीन दिवसांआड असे केल्याने बहुतेक ठिकाणी काम भागते. त्यानेही आटोक्यात न आल्यास एक लिटर पाण्यात सुमारे १० मिलिलिटर सौम्य द्रव साबण मिसळून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूंवर फवारावा. कपड्यांचा डिटर्जंट वापरू नये. हे द्रावण किड्याच्या अंगावर पडले तरच परिणाम करते, वाळल्यावर त्याचा उपयोग नसतो, म्हणून पाच-सात दिवसांनी पुन्हा फवारावे लागते. आधी एका पानावर चाचणी घ्यावी. उमललेल्या फुलांवर आणि भर दिवसा कोणतीही फवारणी करू नये, मधमाश्या त्याच वेळी कामावर असतात.

मावा दर वर्षी याच झाडांवर का येतो, याचेही एक कारण बहुधा तुमच्याच हातात आहे. नत्रयुक्त खत भरपूर मिळालेली फूट लुसलुशीत आणि रसाळ असते, आणि माव्याला तीच आवडते.

प्रश्न : अंड्यांची टरफले, केळ्याच्या सालींचे पाणी, कॉफीचा चोथा असे घरगुती खत मी नियमित घालतो. तरीही टोमॅटोच्या फळांचे बूड काळे पडते. टरफले वाढवावीत का?

उत्तर : टरफले वाढवून काही होणार नाही. फळाचे बूड काळे पडते ते फळात कॅल्शियम न पोहोचल्यामुळे, पण मातीत कॅल्शियम नाही असा त्याचा अर्थ क्वचितच असतो. कॅल्शियम पाण्याबरोबर वाहते. पाणी एक दिवस तुडुंब आणि तीन दिवस नाही, असे झाले की झाडाच्या पानांकडे ते जाते आणि फळाच्या टोकापर्यंत पोहोचत नाही. नेमाने पाणी आणि बुंध्यापासून चार बोटे दूर ठेवलेले ५ सेंटिमीटर जाडीचे वाळल्या पानांचे आच्छादन हा त्यावरचा उपाय. टरफले कॅल्शियम कार्बोनेटची असतात आणि अम्लधर्मी नसलेल्या मातीत ती वर्षानुवर्षे जशीच्या तशी राहतात. सालींच्या पाण्यात पोषण नाममात्र असते, चिलटे मात्र खात्रीने येतात. कॉफीचा चोथा थेट कुंडीवर पसरला तर वाळून त्याची पाणी न शिरणारी खपली बनते. तिन्ही वस्तू वाईट नाहीत. त्यांची जागा कंपोस्टच्या ढिगात आहे.

प्रश्न : वसंतात सगळीकडे पालवी असताना माझ्या गार्डेनियाची आतली जुनी पाने पिवळी पडून गळत आहेत. लोह द्यावे का?

उत्तर : शेंड्याची नवी पाने हिरवीगार असतील तर काही करू नये. सदाहरित झाडेही जुनी पाने टाकतात, आणि अनेक झाडे नेमकी नव्या फुटीच्या वेळीच टाकतात. लोहाची कमतरता असती तर उलट दिसले असते : नवी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या.

प्रश्न : हिवाळाभर घरात ठेवलेली झाडे बाहेर काढली आणि दोनच दिवसांत पानांवर पांढरट, कागदासारखे डाग पडले.

उत्तर : ऊन लागले. घरातील मंद उजेडात तयार झालेले पान थेट उन्हासाठी घडलेले नसते, आणि भाजलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही. झाड सावलीत आणावे. नवी पाने चांगली येतील, तोवर डागाळलेली पाने ठेवावीत, कारण त्यांचा उरलेला हिरवा भाग कामच करत असतो. पुढील वर्षी पहिले काही दिवस पूर्ण सावली, मग तासभर सकाळचे कोवळे ऊन, असे करत आठ-दहा दिवसांत झाडाला सरावू द्यावे. रात्री दव गोठण्याची शक्यता असलेल्या प्रदेशात संध्याकाळी झाडे आत घेण्याची तयारीही ठेवावी.

प्रश्न : पाऊस आणि बर्फ वितळणे यांमुळे वाफ्यांची माती अजून ओली आहे. तरी खणून ठेवले तर चालेल का? लावणीला उशीर होतो आहे.

उत्तर : चालणार नाही. ओली चिकण माती खणली किंवा तुडवली की तिच्यातील हवेच्या पोकळ्या दबतात आणि वाळल्यावर तिची ढेकळे होतात. ते नुकसान भरून यायला पूर्ण हंगाम जातो. माती वाफशावर आली की नाही ते मुठीत पाहावे. वीतभर खोलीवरची मूठभर माती घेऊन दाबावी आणि झालेल्या गोळ्यावर अंगठ्याने टिचकी मारावी. गोळा भुरभुरीत होऊन फुटला तर खणायला घ्यावे. नुसता दबून चकाकला, किंवा बोटांच्या मधून चिखल निघाला, तर दोन दिवस थांबून पुन्हा पाहावे.